बायपासनंतर पाय सुजलाय, गुरुवारपर्यंत थांबायचं का?

विश्रामबाग_ते_वारजे (शनिवार, संध्याकाळी ७:१०)

नमस्कार मंडळी,

बाबांची (वय ६७) बायपास होऊन आज बावीस दिवस झाले. ऑपरेशन पुण्यात झालं, नवव्या दिवशी सांगलीला घरी आणलं. गाडीनं पाच तास लागले, वाटेत दोनदा उतरवून चालवलं. छातीचं सगळं ठीक आहे. टाके कोरडे, ताप नाही, भूक बरी, आणि बोलणं ऑपरेशनच्या आधीपेक्षा वाढलंय. मी परवा पुण्याला परत आलो. घरी आई आहे, मामा जाऊन-येऊन असतो.

तक्रार पायाची आहे. डाव्या पायाची शीर काढून हृदयाला लावलीय. आता आई म्हणते डावा पाय तीन-चार दिवस झाले सुजलाय, पोटरी दुखते, बोट दाबलं की खळगा पडतो. शेजारच्या काकू म्हणतात शीर काढली की हे व्हायचंच. मामा म्हणतो कोमट तेलानं चोळून काढू. डॉक्टरांची तारीख गुरुवारची. फोन केला तर 'गुरुवारी दाखवा की' एवढंच उत्तर.

थांबू का? मालीश चालेल का? तुमच्या घरी असं झालं होतं का?

भडंगप्रेमी (७:२२)

घाबरू नका. शीर काढलेला पाय सुजतोच. आमच्या सासऱ्यांचा दोन महिने सुजत होता, सकाळी काठी, संध्याकाळी खांब. फक्त मिठाकडं लक्ष ठेवा. आपल्याकडं आजाऱ्याला बघायला येणारा माणूस हातात भडंगाची पिशवी घेऊनच येतो, आणि आजारी माणूस ती पाहुण्याच्या आधी फोडतो.

चार_ग्राफ्ट (७:४१)

मला यावर बोलायचा अधिकार आहे. २०१९ साली माझी स्वतःची झाली. घोट्यापासून मांडीपर्यंत शिवण आहे, पोत्याला घालतात तशी. हल्ली पुष्कळ ठिकाणी दुर्बिणीनं दोन-तीन लहान छेदांतून शीर काढतात, तेव्हा ते नव्हतं म्हणा किंवा मला मिळालं नाही म्हणा.

सर्जननी मला समजावलं होतं ते असं. पायातलं रक्त वर न्यायला दोन वाटा असतात, एक कातडीखालून आणि एक आत स्नायूंमधून. मोठी वाहतूक आतल्या वाटेनंच होते, म्हणून वरची शीर काढून नेली तरी पायाचं अडत नाही. पण काढताना आजूबाजूच्या बारीक नळ्या तुटतात, पाणी साचतं, आणि नव्या व्यवस्थेची सवय व्हायला वेळ लागतो. मला साधारण दोन महिने लागले. रात्रभर झोपून उठलं की सूज बरीच उतरलेली असायची, ही खूण. नडगीच्या आतल्या बाजूला मुंग्या यायच्या, घोट्याजवळ थोडा भाग अजून बधिर आहे. शिरेच्या बाजूनं एक संवेदनेची नस जाते, ती दुखावली की असं होतं. त्याचा त्रास काही नाही.

आता खरं कारण सांगतो. माझी सूज सगळ्यात जास्त वाढवली ती पाहुण्यांनी. सकाळी दहापासून एकेक जण येणार, आणि आपण संस्कारी! आल्या-गेल्यासमोर पाय वर करून कसं बसायचं? म्हणून चार चार तास खुर्चीत पाय खाली सोडून बसायचो, आणि प्रत्येकाला ऑपरेशनची गोष्ट पहिल्यापासून. शेवटी बायकोनं दारावर पाटी लावली, 'भेटीची वेळ ५ ते ६'. भावकी अजून रुसलेली आहे. पाय मात्र उतरला.

राजापुरी_हळद (७:५५)

सांगलीचे असून तेल काय विचारतासा? आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळा, कोमट लेप द्या, वर एरंडाचं पान बांधा. आमच्या आजोबांपासून हेच चालत आलंय. तीन दिवसांत सूज उतरली नाही तर नाव सांगणार नाही.

भडंगप्रेमी (७:५८)

@राजापुरी_हळद, नाव तर आत्ताही सांगितलेलं नाही. आणि पायाला हळद लावून पाय बोहल्यावर चढणार आहे का? :)

माहुलीघाट (८:०६)

मस्करी बाजूला ठेवा. विश्रामबाग, मालीश करू देऊ नका. हात जोडून सांगते.

माझ्या सासूबाईंचा खुबा मोडला, साताऱ्यात ऑपरेशन झालं, घरी आल्या. तिसऱ्या आठवड्यात एक पाय टम्म. आम्हाला वाटलं ऑपरेशनचाच पाय आहे, सुजणार. मालीश करणारे एक मामा यायचे, चांगला हात होता त्यांचा, गल्लीतल्या सगळ्या बाळंतिणींच्या घरी जायचे-यायचे. दोन दिवस त्यांनी पोटरी खालून वर दाबून काढली. सासूबाई म्हणाल्या, बरं वाटतंय गं. तिसऱ्या दिवशी पहाटे संडासला उठल्या आणि तिथंच धाप लागली. बोलता येईना, ओठ निळसर, छातीत चमक. १०८ ला फोन केला. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती. नऊ दिवस आयसीयू. वाचल्या, आज ऐंशीच्या आहेत.

मालिशीमुळंच गाठ सुटली असं डॉक्टरांनी छातीठोक सांगितलं नाही. आपोआपही सुटते म्हणाले. पण गाठ असलेला पाय दाबायचा नसतो हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी त्या मामांना चहा पाजून दारातनंच परत पाठवलं असतं.

राजापुरी_हळद (८:१५)

तुमच्या सासूबाईंचं हाड मोडलं होतं. इथं शीर काढलीय. दोन्ही एकाच दावणीला कशाला बांधताय? आणि मी चोळायला सांगितलंच नाही, लेप सांगितलाय.

भूलथापा (८:३०)

भूलतज्ज्ञ आहे, नावावरनं ओळखलंच असेल. पेशंट न बघता निदान करणार नाही, पण इथं वर जे झालंय त्यावर थोडं.

राजापुरी, मुका मार लागला तर तुमचा लेप लावा, मीही लावून घेतलाय. ऑपरेशनच्या पायाला नको. एक तर टाक्यांची जागा. दुसरं म्हणजे हळदीनं कातडी पिवळी झाली की खालची लाली दिसत नाही, आणि लाली, गरमपणा हेच आम्हाला बघायचं असतं. जंतुसंसर्ग असो वा गाठ, दोन्हींत ते कामाला येतं.

मोठ्या ऑपरेशननंतर पाय सुजायला कारणं पुष्कळ. दोन्ही पाय सारखे सुजले आणि वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोनं वाढलं, उताणं झोपलं की धाप लागते, तर हृदयाचा पंप कमी पडतोय का बघायला लागतं. किडनी, रक्तातलं प्रथिन कमी होणं, बीपीची ॲम्लोडिपिनसारखी गोळी, यांनीही दोन्ही घोटे सुजतात. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, तर आधी आतल्या शिरेत गाठ नाही ना हे बघायचं. वैद्यकीच्या पहिल्या वर्षांत आम्हाला फिरशो या जर्मन डॉक्टरच्या नावानं तीन कारणं पाठ करायला लावतात: रक्त संथ होणं, शिरेला इजा, आणि रक्ताचा गोठायचा स्वभाव वाढणं. ऑपरेशन झालेल्या माणसात तिन्ही एकदम हजर असतात. हा धोका घरी आल्यावर संपत नाही, पहिले काही आठवडे जास्त आणि साधारण तीन महिने राहतो.

अडचण एवढीच की शीर काढलेला पायसुद्धा एकटाच सुजतो. म्हणून चार_ग्राफ्ट म्हणतात तेही बरोबर आणि माहुलीघाट म्हणतात तेही. नुसतं बाहेरून बघून कुणीही फरक सांगू शकत नाही, मीही नाही.

आणि हो, दुखतंय म्हणून घरातली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. बायपासनंतर ती टाळायची असतात. पॅरासिटामॉल चालते.

ढोपर_क्रमांक_दोन (८:३८)

आमच्या आईचे दोन्ही गुडघे बदलले, साताऱ्यात. पोटरी काळीनिळी होऊन तो रंग घोट्यापर्यंत उतरला तेव्हा मी घाबरून रात्री अकराला डॉक्टरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, वरचं रक्त खाली झिरपतंय, बर्फ लावा, झोपा. सूज पूर्ण जायला पाच महिने लागले. तेव्हा सूज म्हटलं की लगेच आयसीयूच्या गोष्टी सांगून लोकांना घाबरवू नये असं माझं मत.

माहुलीघाट (८:४१)

घाबरवत नाहीये. मी घाबरले होते तेच सांगितलं.

वॉर्ड_नंबर_सहा (९:०४)

मी मिरजेत पस्तीस वर्षं सिस्टर होते, आता निवृत्त. विश्रामबाग, बाळा, तू पुण्यात बसून लिहितोयस आणि आई तिथं बघतेय. तेव्हा आईला फोन लाव आणि एवढं विचार.

पाय गरम लागतो का, दुसऱ्याच्या मानानं? रात्रभर झोपून सकाळी सूज उतरते का, की तेवढीच राहते? बाबांना धाप, छातीत चमक, खोकल्यातनं रक्त, असं काही? धाप, चमक, रक्त यातलं एक जरी असलं तर पुढचं वाचू नको, १०८.

मग टेप घ्यायला सांग, शिलाईची. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर एक उंचवटा हाताला लागतो. तिथनं दहा सेंटिमीटर खाली पेनानं खूण करायची आणि तिथंच पोटरीचा घेर मोजायचा. दोन्ही पायांचा. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर आम्ही गुरुवार-शुक्रवार करत नव्हतो.

आणि शेवटचं. टाके आणि सूज एकाच पायाला आहेत ना? खात्री कर. पस्तीस वर्षांत मी शंभर नातेवाइकांना पेशंटच्या समोर उभं राहून डावा-उजवा सांगताना बघितलंय. ते स्वतःचा डावा सांगतात.

भडंगप्रेमी (९:१०)

सिस्टर, तुमचा हा शेवटचा प्रश्न वाचून माझ्या हातातला घास थांबला.

विश्रामबाग_ते_वारजे (९:३७)

सिस्टर.

आईशी बोललो. ती बाबांच्या समोर स्टुलावर बसून पाय बघते. ती 'डावा' म्हणाली तो तिच्या डाव्या हाताचा. टाके डाव्या पायाला आहेत. सूज उजव्या पायाला आहे. व्हिडिओ कॉल करून स्वतः बघितलं, बाबांना 'ज्या हातानं जेवता तो हात वर करा' म्हणून सांगितलं, तेव्हा खात्री पटली.

घेर: डावा ३३, उजवा ३७. आई ब्लाउज शिवते, माप चुकायची नाही. पाय गरम लागतो म्हणते. सकाळी उतरत नाही. धाप नाही.

आणि काल संध्याकाळी मामानं एकदा तेल लावून चोळलंय. आईनं हे मला आत्ता सांगितलं.

भूलथापा (९:४१)

आत्ता निघा. ज्या पायाला सुरी लागलेली नाही तो सुजलाय, चार सेंटिमीटरचा फरक आहे, ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत. रात्री डॉप्लर (शिरेतलं रक्त बघायची सोनोग्राफी) करणारं ठिकाण मिरजेत मिळेल, तुमच्या घरापासून फार तर अर्धा तास. आधी फोन करून या. चालत जिना उतरवू नका, खुर्चीत बसवून उतरवा. पाय चोळू नका, शेकू नका. डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर, तिथला डॉक्टर आधी तेच विचारणार. रक्ताची डी-डायमर तपासणी करू का असं कुणी म्हणालं तर त्यात वेळ घालवू नका, ऑपरेशननंतर ती तशीही वाढलेलीच असते.

वाटेत धाप लागली तर थेट मोठ्या हॉस्पिटलचा अपघात विभाग.

विश्रामबाग_ते_वारजे (९:४४)

मामा गाडी काढतोय. मीही निघतो पुण्याहून.

वॉर्ड_नंबर_सहा (९:४६)

तू रात्रीची गाडी दामटू नको. मामा आहे तिथं. पहाटे निघ.

कोरेगावची_लेक (१०:१५)

सगळे वाट बघत बसलोय तोवर एक लिहिते. हे फक्त म्हाताऱ्यांचं नाही. माझी धाकटी बहीण, वय सत्तावीस, सिझेरियन. बाराव्या दिवशी डावा पाय मांडीपासून सुजला. बाळंतिणीला रोज मालीश हवीच म्हणून आजीनं बाई ठरवलेली. बहीण ओरडली, हात लावू नका, दुखतंय. आजी म्हणाली, नाजूकपणा. बहिणीनं ऐकलं नाही म्हणून बरं. गाठ निघाली. डॉक्टरीण म्हणाल्या, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर पहिले सहा आठवडे रक्ताचा गोठण्याकडे कल असतो, आणि अशा वेळी डाव्या पायाला जास्त होतं, कारण पोटात डाव्या पायाची शीर उजव्या पायाच्या धमनीखालून जाते आणि दबते.

दोन्ही पाय सारखे सुजले तर बाळंतिणीत ते पुष्कळदा साधं असतं. एकच सुजला तर मालीशवालीला सुट्टी.

चार_ग्राफ्ट (१०:२८)

हे दाबल्या जाणाऱ्या शिरेचं पहिल्यांदा ऐकलं. आपल्या पोटात पण हमरस्त्यावर उड्डाणपूल आहेत म्हणायचे.

राजापुरी_हळद (१०:४०)

काय झालं कळलं का?

भडंगप्रेमी (१०:४१)

अवांतर: मिरजेचं नाव निघून तास झाला तरी सांगलीकरांनी 'आमच्याकडंपण आहे की सगळं' म्हटलं नाही, हे आजचं आश्चर्य.

वॉर्ड_नंबर_सहा (१०:५२)

म्हणू देत. वॉनलेस साहेबांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उभारला तेव्हापासून कर्नाटकातनं सुद्धा माणसं मिरजेला उतरतात. स्टेशनवर 'दवाखाना कुठला' एवढंच विचारलं तरी टांगेवाला आजारावरनं डॉक्टर सांगायचा. निम्म्या वेळा बरोबर असायचं.

विश्रामबाग_ते_वारजे (रविवार, रात्री १२:५०)

गाठ आहे. उजव्या गुडघ्यामागच्या शिरेत, थोडी खाली पोटरीत. डॉप्लर करणारे डॉक्टर मामाला दाखवत होते म्हणे, की यंत्राचं टोक दाबलं की चांगली शीर चपटी होते, ही होत नाही, आत भरलीय. फुप्फुसाकडं काही गेल्याची लक्षणं नाहीत, ऑक्सिजन ९७. दाखल करून घेतलंय, पोटाच्या कातडीत हेपॅरिनच्या जातीचं इंजेक्शन दिलं. पुण्याच्या सर्जनशी तिथल्या डॉक्टरांचं फोनवर बोलणं झालं.

मी वारज्यातच आहे. सिस्टरनी सांगितलं म्हणून. झोप काही येत नाहीये.

वॉर्ड_नंबर_सहा (रविवार, १२:५३)

वेळेत गेलात. पाणी पी आणि पड आता.

माहुलीघाट (रविवार, सकाळी ६:२०)

रात्रभर मोबाइल उशाशी होता. देव पावला.

ढोपर_क्रमांक_दोन (रविवार, ८:०५)

माझं कालचं 'घाबरवू नये' मागे घेतो. पण एक कळलं नाही. बायपासनंतर बाबांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणारच. ॲस्पिरिन आणि आणखी एक. तरी गाठ कशी?

भूलथापा (रविवार, ९:३०)

हा प्रश्न हॉस्पिटलात रोज येतो आणि चूक आमची आहे, आम्हीच सगळ्यांना 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो. रक्त कुठल्याच गोळीनं पातळ होत नाही, फक्त गोठायला अडथळा येतो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या गोळ्या प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाहीत. धमनीत, जिथं रक्त जोरात वाहतं, तिथली गाठ प्रामुख्यानं प्लेटलेटची, म्हणून तिथं या उपयोगी. शिरेत रक्त संथ असतं, तिथली गाठ प्रामुख्यानं फायब्रिनच्या जाळ्याची. ते जाळं विणणारा कारखाना वेगळा, त्याला थांबवणारं औषधही वेगळं: हेपॅरिन, वॉरफेरिन, नाहीतर नवीन गोळ्या. म्हणून गुडघा बदलल्यावर साधारण दोन आठवडे आणि खुबा बदलल्यावर पाच आठवडे हे दुसऱ्या जातीचं औषध देतात. तुमच्या आईंना दिलं असणार.

ढोपर_क्रमांक_दोन (रविवार, ९:४४)

दिलं होतं. मी त्या गोळ्या 'सुजेच्या' समजत होतो.

चालतं_फिरतं (रविवार, ११:१०)

साताऱ्यात फिजिओथेरपी करते. काल दिवसभर क्लिनिकला होते, धागा आत्ता बघितला. गाठ असलेल्या पायाबद्दल डॉक्टर सांगतील. बाकीच्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या घरी कुणी ऑपरेशन होऊन आलंय, त्यांच्यासाठी लिहिते.

पोटरी हा पायाचा पंप आहे. शिरांत झडपा असतात, रक्त वर जातं पण खाली येत नाही. पोटरी आवळली की शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. माणूस अंथरुणावर पडला की पंप बंद. म्हणून जागं असेल तेव्हा दर तासाला पंजा नाकाकडं ओढायचा, मग पुढं ताणायचा, दहा-वीस वेळा. माझे एक आजोबा पेशंट टीव्हीवर जाहिरात लागली की करतात, त्यामुळं त्यांचं इतकं होतं की विचारू नका.

उशीचं सगळे चुकतात. गुडघ्याखाली एकच जाड उशी ठेवली की गुडघ्यामागची शीर दाबली जाते. पूर्ण पोटरीला आधार हवा, टाच वर, गुडघा किंचित सैल. खाटेच्या पायथ्याकडच्या दोन पायांखाली विटा घातल्या तर उशांची भानगडच नाही. पण हृदयाचा पंप कमजोर आहे, आडवं झालं की धाप लागते, अशा पेशंटला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे नको.

आणि चार_ग्राफ्ट, तुमची दारावरची पाटी मी माझ्या क्लिनिकमध्ये लावणार आहे.

चार_ग्राफ्ट (रविवार, ११:२५)

मानधन म्हणून कंदी पेढे पाठवा. पाव किलो, डॉक्टरांना न सांगता.

विश्रामबाग_ते_वारजे (बुधवार, रात्री ९:१५)

सांगलीतून लिहितोय. बाबा आज घरी आले. इंजेक्शन थांबवून गोळी दिलीय, ॲपिक्सॅबान, दिवसातून दोन वेळा, पहिले सात दिवस दुप्पट आणि मग नेहमीची, निदान तीन महिने. आधीच्या दोन गोळ्यांपैकी एक सर्जनना विचारून थांबवली, कारण तिन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका. हिरड्यांतून रक्त, काळी शी, लघवीला लाल रंग, डोक्यावर पडणं, यांतलं काही झालं तर लगेच या म्हणाले.

मामा माझ्याशी बोलताना जमिनीकडं बघतो. त्याला मी काही बोललो नाही. चोळायला कुणी सांगितलं म्हणाल तर, मीच इथं 'मालीश चालेल का' विचारलं होतं.

राजापुरी_हळद (बुधवार, ९:४०)

मामांना म्हणावं, तेल लावणारा हात मायेचाच असतो. मी पण लेप सांगितलाच होता की. बरं, दुधातनं हळद चालते का त्या गोळीबरोबर, तेवढं विचारा. सांगलीत राहून हळद बंद म्हणजे फारच झालं.

भूलथापा (बुधवार, १०:०२)

भाजीतली, दुधातली चिमूटभर चालेल. कर्क्युमिनच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोत, रक्तस्राव वाढू शकतो. पालेभाजीची भीती वॉरफेरिनवाल्यांना, आणि त्यांनीही ती बंद करायची नसते, रोज साधारण तेवढीच खायची. या नव्या गोळीला ती अट नाही.

भडंगप्रेमी (बुधवार, १०:०५)

भडंगाचं कुणीच विचारत नाही.

विश्रामबाग_ते_वारजे (तीन आठवड्यांनी, रविवार)

धागा वर काढतोय. घेर आता डावा ३३, उजवा ३४. डॉक्टरांनी पायातल्या नाड्या तपासून गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे दिलेत. सांगलीचा एप्रिल, चाळीस अंश, आणि हे मोजे. चढवायला मी आणि आई दोघं लागतो, कुस्ती होते अक्षरशः. काही युक्ती?

खालचं बाबांनी सांगितलंय, मी फक्त टाइप करतोय.

"सर्वांना नमस्कार. मी पेशंट. दुखणं चार दिवस आधीपासून होतं, मी सांगितलं नाही. म्हटलं, छाती उघडून शिवली तिथं पोटरीचं काय रडायचं. घरचे आधीच दमलेले. तुमच्यातल्या सिस्टरबाईंना सांगा, माझ्या बायकोला आता मी डावा-उजवा शिकवतोय. ती म्हणते समोर बसल्यावर तिचंच बरोबर. दुसरं, हिनं सज्जनगडाचा नवस बोललाय. कधी जाऊ?"

वॉर्ड_नंबर_सहा (त्याच दिवशी)

काका, तुमच्या मिसेसना म्हणावं, पुढच्या वेळी 'टाक्यांचा पाय' आणि 'बिनटाक्यांचा पाय' म्हणा. आम्ही वॉर्डात तसंच करायचो.

मोज्यांची युक्ती: सकाळी अंथरुणातनं उठायच्या आधी चढवायचे, पाय तेव्हा बारीक असतो. बोटं उघडी असलेला मोजा असेल तर पायात आधी पातळ प्लास्टिकची पिशवी घालायची, तिच्यावरनं मोजा सरकवायचा, आणि मग पुढून पिशवी ओढून घ्यायची. वर घडी पडू द्यायची नाही, तिथं दोरी बांधल्यासारखं होतं. रात्री काढायचे की नाही ते डॉक्टरांना विचारा.

ढोपर_क्रमांक_दोन

पिशवीची युक्ती आईला आज करून दाखवली. दोन वर्षं उशिरा कळली.

चालतं_फिरतं

काका, गडावर गाडी बरीच वर जाते, पण वाहनतळापासून पुढं पायऱ्या आहेत आणि त्या काही दोन-चार नाहीत. आत्ता घरातल्या घरात, मग गल्लीत, मग सपाटीवर अर्धा तास न थांबता चालता येऊ दे. तीन महिन्यांची तपासणी झाली की तुमच्या डॉक्टरांना नेमकं 'पायऱ्या' म्हणून विचारा, नुसतं 'प्रवास' म्हणू नका. सांगलीहून निघताना कराडला एकदा आणि उंब्रजच्या पुढं एकदा उतरून पाच मिनिटं चाला. आणि साताऱ्यात आलात की क्लिनिकला या, पोटरी मीच मोजते.

विश्रामबाग_ते_वारजे

बाबा म्हणतात येतो. आई म्हणते टेप तिची आणणार.